ठोके मोजलेत, पण माणूस तेव्हा करत काय होता?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मनगटी घड्याळ आणि त्यातला 'स्ट्रेस स्कोअर' (ठोक्यांवरून मनावरचा ताण सांगणारा आकडा) यावर लेख आला होता तो वाचला, आणि नेमकी त्याच आठवड्यात आमच्या देवगड बंदरावर कॉलेजची दोन मुलं सायकॉलॉजीच्या प्रोजेक्टसाठी मनगटाला बांधायचे, ठोके मोजणारे पट्टे घेऊन आली, म्हणून म्हटलं आता लिहूनच टाकूया. मोबाईलवर टाइप करतोय, शुद्धलेखन तुमच्याकडे कोणीतरी बघून घ्या. मी मुंबईत एका हॉस्पिटलात ईसीजी टेक्निशियन होतो, आता रिटायर होऊन गावी असतो. डॉक्टर नाही, मानसशास्त्रज्ञ तर अजिबात नाही, पण छातीला इलेक्ट्रोड लावल्यावर कागदावर काय उमटतं आणि ते कुठे कुठे फसवतं एवढं बघण्यात नोकरी गेली.

माझं म्हणणं एकच आहे. नुसते हृदयाचे ठोके मोजून माणसाच्या मनाचं काही सांगता येत नाही, त्याच वेळी त्याचं शरीर काय करत होतं ते पण मोजायला लागतं, आणि त्याला स्वतःला काय वाटत होतं ते विचारायला लागतं. तिन्ही गोष्टी एकाच घड्याळाच्या वेळेवर जुळल्या तर थोडंफार बोलता येतं. तुमच्या लेखात फक्त पहिली गोष्ट होती आणि हेडिंग मात्र मनाबद्दल होतं. लाइटबिलाचा आकडा बघून घरात पंखा चालू होता की इस्त्री की पंप ते सांगण्यासारखंच झालं हे.

आता ठोके वाढतात कशाने ते बघा. हृदयाला मेंदूकडून दोन बाजूंनी नसा येतात, एक वेग वाढवणारी आणि दुसरी आवरणारी, आवरणारीला व्हेगस म्हणतात. दोन्ही बंद केल्या तर हृदय आपल्या मर्जीने मिनिटाला साधारण 100 च्या आसपास चालतं, म्हणजे आपण शांत बसलेलो असताना जे 70 दिसतं ते व्हेगसने लगाम खेचलेला असतो म्हणून. झोपलेला माणूस नुसता उठून उभा राहिला तरी लगाम सैल पडतो आणि ठोके वाढतात, त्यात टेन्शनचा काही संबंध नाही. एप्रिल मे मधे आपल्याकडे जो घामाचा उकाडा असतो त्यात शरीर कातडीकडे जास्त रक्त पाठवतं, ठोके वाढतात. चहा बिडी झाली तरी वाढतात, ताप आला तरी वाढतात. उलट बीपीची गोळी चालू असेल, ती मेटोप्रोलॉल अटेनोलॉल वगैरे, तर माणूस आतून कितीही घाबरला तरी नाडी म्हणावी तशी वर जात नाही. आमच्या वाडीत पन्नाशीच्या पुढच्या किती जणांना कुठल्या ना कुठल्या बीपीच्या गोळ्या चालू आहेत ते बघितलं तर त्यातला कोण शांत आणि कोण गोळीवर हे पट्ट्याला कसं कळणार?

बंदरावर त्या मुलांनी एका तांडेलाच्या (होडीच्या म्होरक्याच्या) हाताला पट्टा बांधायला घेतला तेव्हा तो म्हणाला, "गो बाय, माका टेन्शन हा ता डिझेलचा, ह्या पट्ट्याक कसा कळतला?" सगळे हसले, पण प्रश्न अगदी बरोबर होता आणि त्यातल्या मुलीकडे उत्तर नव्हतं. तिला वाटत होतं पट्ट्यात हालचाल मोजायचा सेन्सर पण आहे तेव्हा झालं काम. तो सेन्सर असतो, अॅक्सेलेरोमीटर म्हणतात, सिलिकॉनच्या चिपमधे अगदी बारीक वजन बारीक स्प्रिंगवर टांगलेलं असतं आणि हललं की तिथली विजेचा भार धरायची क्षमता बदलते, तीन दिशांना मोजतो. पण तो कुठे बांधलाय आणि माणूस कशावर उभा आहे यावर सगळं. ट्रॉलरवर खलाशी गप उभा राहून बिडी ओढत असला तरी होडी हलतेय म्हणजे सेन्सर हलतोय, त्याच्या हिशोबाने हा माणूस सारखा काहीतरी करतोय. मग ठोके त्या मानाने कमी दिसणार आणि कोणीतरी लिहिणार की वा समुद्रावर किती शांत हृदय.

दुसरं, मासळीची टोपली डोक्यावर घेऊन चढण चढणारी बाई. एक हात टोपलीला, मनगट जवळपास स्थिर. पट्टा म्हणतो हालचाल कमी, हृदय मात्र 140 वर, आणि मग हिशोब लावला जातो की हालचाल नाही ठोके वाढलेत म्हणजे भावना. अहो भावना कसली, डोक्यावर सुरमई आहे. ओझं हा प्रकार या सेन्सरला कळतच नाही, वजन उचललं काय आणि रिकाम्या हाताने चाललं काय, त्याला पावलं तेवढी दिसतात. रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढताना, दोर धरून पाय रोवून ताणत उभे राहतात तेव्हा तर शरीर हलत पण नाही, सगळा जोर स्नायूंत आणि ठोके चढलेले.

काजूच्या कारखान्यात बरोबर उलटं. बाई एका जागी बसून गर काढतेय, मनगट दिवसभर चालू, पट्ट्याला वाटतं ही धावतेय. आणि आंब्याच्या बागेत रात्रीचा राखणदार, खुर्चीत बसून बॅटरी मांडीवर ठेवून कान टवकारून बसलाय, हलत नाही, म्हणून झोपेचा प्रोग्राम सांगतो की छान झोप झाली. हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये, हालचालीवरून झोप ओळखायच्या पद्धतीतला हा ओळखीचा दोष आहे, स्थिर पडून जागा असलेला माणूस तिला झोपलेला वाटतो, त्यामुळे झोप न येण्याचा त्रास असणाऱ्यांची झोप ती फुगवून दाखवते. आता झोप न येणं हाच तर मानसिक त्रासाचा मोठा भाग, तिथेच चूक.

उपाय नाही असं नाही. सेन्सर छातीवर आणि मांडीवर बांधला तर पुष्कळ फरक पडतो, कारण स्थिर असताना पण हा सेन्सर पृथ्वीची ओढ मोजत असतो, 1 जी, आणि ती ओढ कुठल्या दिशेने येते त्यावरून माणूस आडवा आहे, बसलाय की उभा हे कळतं. होडीवर असेल तर एक सेन्सर होडीच्या फळीला पण ठोकून ठेवायचा, होडीचं हलणं कुठलं आणि माणसाचं कुठलं ते मग निदान ताडून बघता येईल, अगदी साफ वेगळं होईल असं नाही पण आंधळेपणा तरी कमी. हे मी त्या मुलीला सांगितलं तर म्हणाली काका आमच्या सरांनी मनगटाचंच सांगितलंय. बरं.

थोडं जुनं सांगतो कारण त्याशिवाय हा घोळ कळत नाही. ईसीजीचं पहिलं नीट चालणारं यंत्र हॉलंडमधे लायडनला आइन्थोवन यांनी शंभराहून जास्त वर्षांपूर्वी केलं, त्याचं वजन 270 किलोच्या आसपास, चालवायला पाच माणसं, आणि पेशंटने दोन हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यात बुडवून बसायचं. 1924 चं नोबेल त्यांना त्यासाठी मिळालं. पट्टीवरच्या लाटांना पी क्यू आर एस टी ही आजपण आम्ही वापरतो ती नावं त्यांचीच. म्हणजे सुरुवातच मुळी न हलणाऱ्या माणसापासून झाली, आणि आमचं सगळं आयुष्य पेशंटला "हलू नका" सांगण्यातच गेलं, कारण दंड जरा आखडला तरी पट्टीवर स्नायूंची खरखर येते. मग अमेरिकेत मोंटाना राज्यात नॉर्मन होल्टर नावाच्या गृहस्थाला वाटलं की माणूस कामधंदा करत असताना हृदय काय करतं ते बघायला पाहिजे, त्याने यंत्र पाठीवर बांधलं, ते 38 किलोचं होतं! पुढे लहान होत होत 1961 मधे त्याने ते सायन्स या शास्त्रीय नियतकालिकात छापलं आणि आज जो होल्टर 24 तास लावतात तो त्याच्याच नावाचा. पण होल्टर लावताना आम्ही पेशंटला एक डायरी द्यायचो, किती वाजता जिना चढलात, किती वाजता जेवलात, कधी भांडण झालं ते लिहा म्हणून, आणि डायरी कोरी आली की डॉक्टर वैतागायचे, कारण दुपारी तीनला ठोके 130 का झाले ते मग कुणालाच सांगता यायचं नाही.

मानसशास्त्रवाल्यांनी यात एक चांगली गोष्ट केली ती तुमच्या लेखात यायला पाहिजे होती. जर्मनीत फ्रायबुर्ग विद्यापीठात मिर्टेक आणि त्यांच्या लोकांनी असं यंत्र बांधलं की जे मिनिटामिनिटाला ठोके आणि हालचाल दोन्ही मोजतं, आधीच्या काही मिनिटांशी तुलना करतं, आणि हालचाल वाढलेली नसताना ठोके वाढले तर तेवढ्या वाढीला 'जादाचे ठोके' धरतं. तसं झालं की यंत्र आवाज देतं आणि माणसाला तिथल्या तिथे विचारतं की आत्ता काय करताय, कसं वाटतंय. मधे मधे उगाच, ठोके वाढलेले नसताना पण विचारतं, म्हणजे तुलना करता येते. आणि यातनं जे निघालं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. यंत्राने पकडलेल्या वेळी आणि उगाच विचारलेल्या वेळी लोकांनी सांगितलेल्या भावनांमधे म्हणावा तसा फरक नव्हता. म्हणजे हालचाल बाजूला काढून सुद्धा हृदय एक बोलतं आणि माणूस दुसरं सांगतो. कोण खोटं असं नाही त्यात, दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि एकीवरून दुसरी ओळखता येत नाही. एवढी काळजी घेऊन ही गत, मग हजार दोन हजाराचं घड्याळ "तुम्ही तणावात आहात" कसं म्हणतं?

ते घड्याळ बहुतेक ठोक्यांमधल्या अंतराच्या चढउतारावरून म्हणतं. दोन ठोक्यांमधलं अंतर कधी 800 मिलिसेकंद, कधी 830, कधी 790 असं बदलत असतं आणि ते बदलणं साधारण चांगलं समजतात, व्हेगसचं काम दिसतं त्यात. आता हिशोब सांगतो, कंटाळू नका. लागोपाठच्या अंतरांमधला फरक घ्यायचा, त्याचा वर्ग, सगळ्यांची सरासरी, मग वर्गमूळ. पाच मिनिटांची पट्टी, मिनिटाला 75 ठोके, म्हणजे 375 ठोके, आणि उत्तर आलं समजा 30. आता त्यातला फक्त एक ठोका यंत्राकडून गाळला गेला, पट्टा जरा सरकला म्हणून. तिथे 800 च्या जागी 1600 चं एक अंतर तयार झालं, एकदा 800 ने वर आणि एकदा 800 ने खाली, दोन्हीचे वर्ग आत गेले आणि 30 चं उत्तर 65 च्या पुढे गेलं! 375 मधला एक ठोका. कागदावर आम्ही डोळ्याने बघून सांगायचो की इथे आर (ठोक्याचं उंच टोक) सुटलाय, पण घड्याळ तुम्हाला पट्टी दाखवत नाही, आकडा दाखवतं. आणि मनगटावरचं घड्याळ विजेचा ठोका मोजतच नाही, हिरवा लाइट कातडीत सोडून रक्त किती भरलं ते बघतं, त्यात घाम, सैल पट्टा, कातडीचा काळा रंग, हाताचं हलणं सगळं मिसळतं. चालताना कधी कधी पावलांचीच लय धरून बसतं, पावलं मिनिटाला 110 तर नाडी पण 110. 1996 मधे युरोप अमेरिकेच्या हृदयतज्ज्ञांनी मिळून या मोजमापाचे नियम छापले त्यात सेकंदाला 250 ते 500 वेळा नोंद घेणं चांगलं असं आहे, 250 म्हणजे 4 मिलिसेकंदाला एक. बाजारातला कुठला पट्टा किती वेळा घेतो ते खोक्यावर लिहिलेलं मी तरी अजून बघितलं नाही.

श्वासाचं तर विचारूच नका. श्वास आत घेताना ठोके जरा वाढतात आणि सोडताना कमी होतात, सगळ्यांचं होतं, तरुणांचं जास्त. इटलीत 2001 मधे 23 निरोगी लोकांना एकदा लॅटिनमधून रोझरी (ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना) म्हणायला लावली आणि एकदा योगातला मंत्र, दोन्ही वेळा श्वास आपोआप मिनिटाला 6 च्या आसपास आला. आपल्याकडे सावंतवाडी वेंगुर्ल्याला रोझरी पण आहे आणि दर देवळात भजन पण आहे, दोन्हीकडे हेच चालत असणार. पण गंमत अशी की मिनिटाला 6 श्वास म्हणजे 0.1 हर्ट्झ (दहा सेकंदाला एक), आणि हृदयाच्या चढउताराचे हळू-जलद असे हर्ट्झवरून जे पट्टे पाडलेत त्यात 0.04 ते 0.15 हा खालचा पट्टा खूप वर्षं 'वेग वाढवणाऱ्या नसेचा' म्हणून धरायचे आणि तो वाढला की ताण वाढला असं लिहायचे. म्हणजे भजनात तल्लीन झालेला आमचा बुवा त्या हिशोबाने महातणावात! खालच्या पट्ट्याला वरच्याने, म्हणजे 0.15 च्या पुढच्याने, भागून ताण काढायची ही पद्धत चुकीची आहे हे शास्त्रज्ञांनीच स्पष्ट लिहिलेलं आहे पण अॅपवाल्यांकडून आणि कॉलेजच्या प्रोजेक्टातनं ती काही जात नाही.

एवढं वाचून कोणी म्हणेल हा माणूस विरोधातच आहे, तसं नाही. मोजलंच पाहिजे, आमच्याकडे तर जास्तच मोजलं पाहिजे. 2020 च्या जूनमधे निसर्ग वादळाने दापोली मंडणगडच्या नारळी पोफळी आडव्या केल्या, पुढच्या मे मधे तौक्ते आमच्या किनाऱ्यावरून गेलं, त्याच जुलैत चिपळूण पाण्याखाली, आणि त्यानंतर बापयांना (पुरुषांना) विचारलंत कसं आहे तर उत्तर ठरलेलं, "बरा आसा". फॉर्मवर टिक करून घेतलंत तरी तेच. सगळ्या कोकणाला मिळून सरकारी मनोरुग्णालयं ठाणे आणि रत्नागिरी, तिथपर्यंत जातो कोण. तेव्हा माणूस तोंडाने सांगत नाही ते दुसऱ्या मार्गाने कळत असेल तर हवंच आहे, पण नीट. आणि नीट करायला आपल्याकडे एक सोय आहे जी पुण्यामुंबईच्या प्रयोगशाळेत नाही. 1 जूनपासून मासेमारी बंदी लागते. तोच खलाशी मे मधे समुद्रावर आणि जूनमधे किनाऱ्यावर, त्याची तुलना त्याच्याशीच करा, देवगडच्या खलाशाची कॉलेजच्या पोराशी नको. अर्थात जूनमधे काम नाही म्हणून ताण नाही असं समजू नका, बंदीतच सावकार दारात येतो, आणि उकाडा जाऊन पाऊस आलेला असतो तो पण हिशोबात धरा.

एक गोष्ट मात्र मला खरंच बोचते. हे आकडे जाणार कोणाकडे? मुलं चांगली आहेत, पण पट्टे ट्रॉलरच्या शेटच्या परवानगीने बांधले गेले आणि खलाशांना कोणी धड विचारलं नाही. उद्या शेटने विचारलं कोण किती हलला, तर? वर दाखवलं तसं पट्ट्याचा हिशोब ओझं उचलणाऱ्याला आळशी ठरवू शकतो. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या नियमात स्पष्ट आहे की भाग घेणाऱ्याला त्याच्या भाषेत समजावून सांगायचं आणि तो कधीही, कारण न देता, बाहेर पडू शकतो. त्याच्या भाषेत म्हणजे मराठीत पत्रक काढलं की झालं असं नाही, बोटीवर नेपाळचे, कर्नाटकचे खलाशी असतात, त्यांना कोण वाचून दाखवणार? हृदय आणि श्वास मोजून खोटं पकडायचं जे पॉलिग्राफ यंत्र, ते संमतीशिवाय आरोपीला पण लावता येत नाही असं सुप्रीम कोर्टाने 2010 मधे सेल्वी खटल्यात सांगितलेलं आहे. आरोपीला नाही म्हणायचा हक्क आणि खलाशाला नाही?

तेव्हा संपादकसाहेब, विनंती एवढीच की यापुढे अशी बातमी किंवा लेख छापायच्या आधी लिहिणाऱ्याला विचारा की सेन्सर शरीरावर कुठे होता, हालचाल त्याच वेळी मोजली का, पट्टीतल्या चुका कोणी डोळ्याने बघितल्या का, औषधं विचारली का आणि माणसाला काय वाटत होतं ते कधी विचारलं, लगेच की महिन्याने. आणि उत्तरं आली की तीच छापा, स्कोअर नंतर. उत्तरं नसतील तर ती जागा हापूसच्या भावाला द्या.

आपला,
एक निवृत्त ईसीजी टेक्निशियन, ता. देवगड

ता. क. – त्या मुलांनी वाचलं तर त्यांच्यासाठी: छातीवरचे स्टिकर आपल्याकडच्या घामाने तासाभरात सुटतात. आधी केस काढा, कातडी स्पिरिटने पुसून पूर्ण कोरडी होऊ द्या, मग चिकटवा आणि वायरला एक वेटोळं देऊन वर टेप मारा म्हणजे ओढ स्टिकरवर येत नाही. छातीच्या पट्ट्याचा प्रकार असेल तर उलट, आतली बाजू पाण्याने ओली करूनच बांधा. शनिवारी मी बंदरावर असतो, या, दाखवतो.